फॉलचा दोरा आणि सॅन फ्रान्सिस्को

लेकीकडे अमेरिकेला जायचं ठरलं, ही बातमी मी कुणालाही सांगितली नव्हती. फक्त दूधवाल्याला म्हटलं होतं की दिवाळीपर्यंत दूध बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या फाटकापाशी भाजी घेताना तीन बायकांनी मला गाठलं आणि तिघींनी एकदमच विचारलं, "किती तास लागतात हो?"

लेक कशी आहे, जावई काय करतात, व्हिसाला त्रास झाला का, काही नाही. थेट तास. आपल्याकडे किलोमीटरमध्ये कुणालाच रस नसतो. कोल्हापूर किती लांब आहे? "सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला." नाशिक? "चाकणला अडकलं नाही तर पाच." आता अमेरिकाही त्याच मापात बसवायची म्हटल्यावर मी प्रामाणिकपणे सांगितलं, "सोळा."

या उत्तराने एकाही माणसाचं समाधान झालं नाही.

"फक्त सोळा?" तिघींपैकी एक जण जरा तुटकपणे म्हणाल्या. त्यांच्या मुलाला फ्रँकफुर्ट आणि शिकागो करत बत्तीस लागले होते. ही बातमी दुसऱ्या मजल्यावर पोचली तशी तिथले गृहस्थ खाली आले. त्यांचे एक्केचाळीस झाले होते, त्यात दोह्याच्या विमानतळावर खुर्चीत बसून काढलेली अख्खी रात्र. मग कुणाची तरी बॅग हरवली, कुणाचं विमान चुकलं, कुणी सोळा तास रडणाऱ्या जुळ्यांच्या मधोमध बसलं. सगळ्यांनी आपापले तास मांडून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं. थेट विमानाने जाणाऱ्या बाईला काय किंमत असणार! "आमच्या वेळी थेट-बिट काही नव्हतं," असं एक जण म्हणाल्या. त्यांची वेळ म्हणजे २०१४.

या स्पर्धेचा निकाल खरं तर फार पूर्वीच लागलेला आहे. आनंदीबाई जोशी १८८३च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. सुमारे दोन महिने, तेही पथ्याचं खाणं आणि नऊवारी सांभाळत. पण त्यांचं नाव काढलं की एक्केचाळीस तासवाले गप्प होत नाहीत. "हो, पण त्यांना निदान पाय लांब करायला मिळत होते," म्हणतात.

माझ्या दिरांची अडचण वेगळीच होती. त्यांनी आमचं तिकीट हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "वहिनी, इथे तर दुपारी अडीचला निघतं आणि त्याच तारखेला संध्याकाळी साडेसहाला पोचतं. चार तास!"

"तिथली वेळ वेगळी असते हो, भावजी."

"चार तासांत अमेरिका? मला परवा स्वारगेटहून साताऱ्याला साडेतीन लागले. खंबाटकीत ट्रक बंद पडला होता." म्हणजे त्यांच्या हिशेबाने अमेरिका साताऱ्याच्या पुढे अर्ध्या तासावर, साधारण कोरेगावच्या जवळपास.

मी समजावलं की उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. तेवढे तास जाताना परत मिळतात, म्हणून साडेसोळाचे चार दिसतात. दीर बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं, "परत येताना ते साडेबारा तास वळते करून घेतात का?"

"हो."

"सव्याज?"

हे साडेबारातलं अर्धं प्रकरण आपलं स्वतःचं आहे. बहुतेक जगाने पूर्ण तासांवर भागवलं, आपण मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशाला धरून राहिलो आणि ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे गेलो. मुंबईला तर हेसुद्धा मान्य नव्हतं. मुंबईचं स्वतःचं घड्याळ होतं, देशाच्या घड्याळाच्या एकोणचाळीस मिनिटं मागे, आणि ते १९५५पर्यंत हट्टाने चालू होतं. मी गणित करून पाहिलं. ते आजवर टिकलं असतं, तर उन्हाळ्यात मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातला फरक अकरा तास एक्कावन्न मिनिटं झाला असता. मनगटावरचं घड्याळ नऊ मिनिटं सरकवलं की काम झालं. पण चांगल्या गोष्टी मुंबईत टिकत नाहीत, असं पुण्यात राहून मी म्हणणं बरं दिसत नाही.

आता ह्यांच्याविषयी सांगायला हवं. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर कालवे मोजले. कुणी 'अंदाजे' म्हटलं की ह्यांना ॲसिडिटी होते. चार माणसं चार वेगवेगळे तास सांगतात हे पाहून ह्यांनी नातवाची अर्धी कोरी वही घेतली, पहिल्या पानावर 'पुणे ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर व वेळ' असं लिहिलं, खाली दुहेरी रेघ मारली आणि जेवणाच्या टेबलाचा ताबा घेतला. तेव्हापासून आम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्याने जेवत होतो.

पहिला अडथळा तळमजल्यावरच्या काकांनी आणला. त्यांच्या दिवाणखान्यात जगाचा मोठा नकाशा आहे, जीवन विम्याच्या कॅलेंडरशेजारी. ते ह्यांना नकाशासमोर घेऊन गेले. भारत इथे मध्यभागी, अमेरिका तिकडे डावीकडे. "म्हणजे सरळ डावीकडे जायचं," काका म्हणाले. "अरबस्तान, आफ्रिकेचं डोकं, अटलांटिक, की आली अमेरिका. आणि माझा भाचा सांगतो की विमान उजवीकडून, जपानवरून नेतात! कशाला?"

"कशाला?" ह्यांनी विचारलं.

"मीटर वाढवायला."

काका पुणे स्टेशनवर उतरून रिक्षाने घरी येणाऱ्या पिढीतले. त्यांच्या मते पायलट आणि रिक्षावाला यांच्यात फरक इतकाच की रिक्षावाला निदान तोंडावर नाही म्हणतो. माणूस नवीन दिसला की बंडगार्डनवरून घालायची, तसं परदेशी जाणाऱ्याला सैबेरियावरून फिरवायचं आणि तिकिटात लावायचं.

हे घरी आले ते माळ्यावरचा पृथ्वीचा गोल काढायलाच. हा गोल लेक पाचवीत असताना घेतलेला. त्यावर अजून सोव्हिएत युनियन सुखाने नांदतंय. मग ह्यांनी माझ्या शिवणाच्या डब्यातून साडीच्या फॉलचा दोरा घेतला. गडद जांभळा, खास मिळतीजुळती छटा शोधून आणलेला. त्याचं एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणला.

दोरा डावीकडेही गेला नाही आणि उजवीकडेही. तो थेट वर गेला. लडाखवरून, चीनच्या शिनजियांगवरून, सैबेरियातून आर्क्टिक महासागरात, तिथून अलास्का आणि कॅनडावरून खाली. लांबी भरली साधारण साडेतेरा हजार किलोमीटर. काकांच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून डावीकडे सरळ रेघ मारली, तर खऱ्या पृथ्वीवर तीच रेघ एकोणीस हजारांवर जाते. गोल वस्तू कागदावर सपाट पसरली की वरचा-खालचा भाग ताणला जातो, म्हणून नकाशात जी सरळ दिसते ती वाट लांबची आणि जी वाकडी दिसते तीच जवळची. हे काही नवं नाही, दर्यावर्दी लोकांना शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. पण ह्यांना ते त्या रात्री, माझ्या दोऱ्याने, स्वतः सापडलं होतं. साडेअकराला ह्यांनी मला उठवून गोल दाखवला. मी म्हटलं, "दोरा डब्यात ठेवा." तो आजतागायत डब्यात आलेला नाही.

काकांना बोलावून दोरा दाखवला. ते पाच मिनिटं गोलाकडे बघत बसले आणि म्हणाले, "बरं. मग विमान या दोऱ्यावरून जातं का?"

इथे सगळं फसलं. कारण विमान दोऱ्यावरून जात नाही. दोरा लडाख आणि आसपासच्या पर्वतांच्या राज्यातून जातो. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर पायलटला भराभर दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथे जमीनच त्याहून उंच. म्हणून तो मुलूख टाळतात. शिवाय आभाळालाही कुंपणं असतात. युक्रेनच्या युद्धापासून, म्हणजे २०२२पासून, अमेरिकी आणि युरोपच्या बहुतेक विमानांना रशियावरून जाता येत नाही. पाकिस्तानने एप्रिल २०२५मध्ये भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. आणि या सगळ्यावर वारा.

वाऱ्याचं प्रकरण मला फार आवडलं. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे सोसाट्याचे वारे वाहतात. जपानच्या वर हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानतज्ज्ञाने १९२०च्या दशकात फुगे सोडून ते मोजले होते. साऱ्या जगाला कळावं म्हणून त्याने आपलं संशोधन एस्पेरांतो या जागतिक भाषेत छापलं. परिणामी जगात कुणीही ते वाचलं नाही. मराठी मासिकात लिहिणाऱ्या माणसाला या गृहस्थाबद्दल जो जिव्हाळा वाटतो, तो इतरांना समजायचा नाही.

तर हा वारा पाठीशी घ्यायचा म्हणून एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे चौदाशे किलोमीटरने वाढली, आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी झाला. पंधरा हजारांहून अधिक किलोमीटर साडेचौदा तासांत. परत येताना तोच वारा तोंडावर येणार, म्हणून अटलांटिकवरून यायचं. म्हणजे लेकीला भेटून आलं की पृथ्वीप्रदक्षिणाही पदरात.

ह्यांनी हे सगळं काकांना वहीतून वाचून दाखवलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे लांबून नेतात आणि लवकर पोचवतात?"

"बरोबर!"

"मग रिक्षावाले आजवर दुसरं काय सांगत आले?"

ह्यांनी वही मिटली. त्या रात्री जेवण टेबलावर झालं.

पण माझी खरी अडचण यापैकी कशातच नव्हती. तिकीट लेकीने काढलं होतं आणि तिच्याकडे कालनिर्णय नव्हतं. निघायचा दिवस संकष्टीचा.

माझी संकष्टी लग्नापासूनची आहे. चंद्रोदय झाला की नैवेद्य दाखवून सोडायची. पावसाळ्यात पुण्यात चंद्र दिसतो कुठे? आपण कालनिर्णयमधल्या वेळेवर भरवसा ठेवतो आणि मोदक खातो. त्यात गावागणिक चंद्रोदयाच्या वेळा दिलेल्या असतात. पुणे, मुंबई, नागपूर, पणजी, सगळं आहे. पॅसिफिक महासागर नाही.

ह्यांनी आनंदाने वही पुन्हा उघडली. सगळं मोजल्यावर जे निघालं ते भयंकर होतं. विमान पूर्वेकडे जाणार, म्हणजे रात्रीच्या दिशेने धावत सुटणार. दुपारी अडीचला निघालं की तीनेक तासांत सूर्य मावळणार आणि मुंबईत लोक चहा पीत असताना आमच्या विमानात चीनच्या आसपास चंद्र उगवणार. मग भराभर रात्र संपणार, पुन्हा सकाळ, पुन्हा दुपार. वाटेत तारखेची रेषा ओलांडली की तारीख एक दिवस मागे येणार, आणि आम्ही उतरणार ते त्याच तारखेच्या संध्याकाळी. रात्री पावणेदहाच्या सुमाराला तिथे पुन्हा चंद्रोदय. एका संकष्टीला दोन चंद्र.

"मग सोडायची कुठल्या चंद्राला?" मी विचारलं.

"ते गणितात येत नाही," हे म्हणाले.

मी आमच्या गुरुजींना फोन केला. त्यांनी प्रश्न दोनदा समजून घेतला. "वहिनी, विमानाचा उल्लेख आपल्याकडे पुष्पकाचा," ते म्हणाले, "आणि त्यात कुणाचा उपास असल्याचं काही आलेलं नाही." मग माझा धीर खचू नये म्हणून म्हणाले, "पहिला दिसेल त्याला सोडा. खिडकीची जागा मात्र मागून घ्या."

खिडकी घेतली. पण हे जवळ असताना एवढ्यावर कसं भागणार? "विमान पूर्वेला चाललंय," हे म्हणाले, "चंद्रही पूर्वेला उगवतो. म्हणजे तो नाकासमोर येणार. तुला खिडकीतून फक्त पंख दिसेल." उपास माझा आणि चंद्र पायलटचा!

प्रवासाचा दिवस उजाडला असं म्हणता येणार नाही, कारण आम्ही पहाटे तीनलाच घर सोडलं. विमान दुपारी अडीचचं. मुंबईचा विमानतळ आमच्या घरापासून दीडशे किलोमीटरवर, तीन तास पुरतात. पण वहीत 'संभाव्य विलंब' असं एक पान होतं. बोरघाटात दरड पडली तर दोन तास. टँकर उलटला तर दीड. गाडी बंद पडली तर एक. दरड टँकरवरच पडली तर, हा रकाना कोरा सोडला होता. त्या दिवशी यातलं काहीही घडलं नाही. द्रुतगती मार्गावर चिटपाखरू नव्हतं. फूड मॉलला ह्यांनी बटाटावडा खाल्ला, मी साबुदाणावड्याकडे पाहून तेल जुनं आहे असं ठरवलं. सहाला आम्ही सहारला हजर. पुढचे साडेआठ तास ट्रॉलीवर ठेवलेल्या बॅगांकडे पाहत बसलो. साडेतेरा हजार किलोमीटरला सोळा तास आणि दीडशे किलोमीटरला साडेअकरा. हे दोन आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहिलेले आहेत. त्यावर ह्यांनी कसलाही शेरा मारलेला नाही.

विमानात माझ्या पुढच्या आसनाच्या पाठीला एक छोटा पडदा होता, त्यावर दोनशे सिनेमे होते. ह्यांच्याही होता. ह्यांनी सोळा तास फक्त नकाशा पाहिला. त्यात एक पांढरं विमान असतं. ते हलत नाही. पाच मिनिटं टक लावून पाहिलं की हलल्याचा भास होतो. खाली वेग, उंची, बाहेरचं तापमान आणि राहिलेला वेळ. मला डुलकी लागली की कोपर बसायचं. "बाहेर उणे त्रेपन्न." मग पुन्हा, "जमिनीच्या हिशेबाने ताशी हजाराच्या पुढे गेलो! वारा लागला!" पुढच्या रांगेतल्या तरुणाने वळून पाहिलं, त्याला वाटलं ह्यांना काही झालं.

संध्याकाळ तीन तासांत आली, हे वहीप्रमाणेच. जेवणाचा वास सुटला. विमानात शाकाहारी मिळतं, जैन मिळतं, मधुमेहाचं मिळतं, कमी मिठाचंही मिळतं. उपासाचं त्या यादीत नसतं. माझ्याकडे राजगिऱ्याचे लाडू होते, पण त्याआधी चंद्र हवा होता. खिडकीतून पाहिलं. पंख.

हवाई सुंदरी नागपूरची निघाली, तेव्हा मी धीर करून विचारलं, "बाई गं, चंद्र उगवला का, जरा सांगशील?"

तिने आधी मला पाण्याचा ग्लास दिला. मग सगळं ऐकल्यावर तिचा चेहरा एकदम बदलला. "काकू, माझी आईपण करते! थांबा, विचारून येते." ती पुढे गेली. पाच मिनिटांनी परत आली आणि आजूबाजूचे सगळे माना वळवून बघत असताना म्हणाली, "कॅप्टन म्हणतात, केव्हाचा उगवलाय. समोरच आहे. खूप मोठा आहे."

मी हात जोडले. कुठल्या दिशेला ते विचारू नका. लाडू खाल्ला. ह्यांनी वहीत वेळ, उंची आणि अक्षांश-रेखांश लिहून घेतले आणि शेजारी 'चं. उ.' अशी नोंद केली.

एकदाचे उतरलो. बाहेर त्याच तारखेची संध्याकाळ होती, लख्ख ऊन होतं, आणि आत इमिग्रेशनची रांग. ती दोरीच्या खुंट्यांमधून सात वेळा उलटसुलट वळलेली. दोन तासांनी आमचा नंबर आला. काचेपलीकडचा अधिकारी धिप्पाड होता. त्याने पासपोर्ट चाळला, ह्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हाऊ लाँग?"

एवढे आठवडे पुण्यात, दारात, फाटकापाशी, फोनवर, लग्नाच्या पंगतीत एकच प्रश्न विचारला गेला होता. ह्यांचं उत्तर मिनिटासकट तयार होतं. "सिक्स्टीन अवर्स ट्वेंटी मिनिट्स," हे ताठ मानेने म्हणाले.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "तुम्ही इंडियाहून इथे सोळा तासांसाठी आलात?"

"अँड ट्वेंटी मिनिट्स," हे म्हणाले.

मग चार बॅगा, सोळा तासांच्या मुक्कामाला! त्यात गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी. माणूस संशय घेणार नाही तर काय करेल? मी मध्ये पडले. लेक, नातू, दिवाळी असं जे इंग्रजीत सुचलं ते सगळं सांगितलं. त्याने बराच वेळ आमच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. वही त्याला दाखवायचा ह्यांचा विचार होता. मी तिच्यावर पर्स ठेवली.

सनीव्हेलला लेकीच्या अंगणात रात्री पावणेदहाला दुसरा चंद्र उगवला, तोही मोठाच होता. जावयांनी हळूच विचारलं, "आई, आता पुन्हा उपास धरायचा का?" मी चंद्राला नुसता नमस्कार केला. एका दिवसात एका देवाला किती वेळा त्रास द्यायचा?

परत येताना, जाताना मिळालेले साडेबारा तास वळते झाले, दिरांनी म्हटल्याप्रमाणे. शुक्रवारी रात्री निघालो आणि रविवारी पहाटे मुंबईत. शनिवार कुठेतरी वाटेत, जेवणाच्या दोन ट्रेंच्या मध्ये, गेला. असं सगळ्यांचंच होतं. जानेवारी २०२१मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूरु हे सुमारे चौदा हजार किलोमीटरचं विमान उत्तर ध्रुवाकडून आणलं. त्याही ९ तारखेला शनिवारी निघाल्या आणि ११ला सोमवारी उतरल्या. रविवार बिचारा विमानातच संपला. पण त्यांच्यापैकी कुणाचा त्या दिवशी वाढदिवस नसावा. ह्यांचा आमच्या शनिवारी होता, सत्तरावा. हे आता ऐकायलाच तयार नाहीत. "तो शनिवार चोवीस तासांचा नव्हताच," हे म्हणतात, "मग मी सत्तर पूर्ण कसा?" ज्येष्ठ नागरिकांच्या सगळ्या सवलती मात्र घेतात.

आता आम्ही परत येऊन थोडे दिवस झाले आहेत. विमान सोळा तासांत पोचवतं, पण शरीर इतक्या घाईने येत नाही. घड्याळात जितक्या तासांचा फरक, साधारण तितके दिवस ते रुळायला घेतं, असं म्हणतात. या हिशेबाने आमची शरीरं अजून अटलांटिकवर कुठेतरी आहेत. दुपारी तीनला डोळे मिटतात आणि पहाटे तीनला टक्क उघडतात. ह्यांची वही पुन्हा सुरू आहे, 'निद्रा : पुणे' या नावाने. आणि नेमक्या याच दिवसांत भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आहे. सगळे दुपारी चारला येतात. मी दार उघडते, बसा म्हणते आणि त्यांच्या आधी स्वतः झोपते. परवा दीर तासभर आमच्या दोघांच्या घोरण्यासमोर चिवडा खात बसले होते म्हणे.

म्हणून हात जोडून विनंती आहे. दुपारी येऊ नका. भेटायची फारच ओढ असेल तर पहाटे तीनला या. आम्ही टेबलाशी बसलेले असतो, चहा झालेला असतो, चॉकलेटंही अजून शिल्लक आहेत. फक्त खाली वॉचमनला उठवू नका, तो बिचारा इथल्या वेळेप्रमाणे झोपतो.